खाशाबांची ढाक

सांताक्रूझपासून अंधेरीपर्यंतच्या उपनगरी पट्ट्यात गेल्या काही वर्षांत ब्राझिलियन जिउ-जित्सू शिकवणाऱ्या व्यायामशाळा निघाल्या आहेत. तिथे येणाऱ्या तरुणाला सुरुवातीच्या काळातच मानेचे पेच शिकवले जातात. पाठीमागून हात गळ्याभोवती घालायचा, कोपर हनुवटीच्या बरोबर खाली आणायचे, तळवा आपल्याच दुसऱ्या दंडावर रोवायचा आणि उरलेला हात प्रतिस्पर्ध्याच्या डोक्यामागे नेऊन छाती फुगवायची. श्वासनलिकेला हात न लावता मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या दाबल्या गेल्या, तर काही क्षणांत मेंदूचा रक्तपुरवठा मंदावतो आणि समोरच्याला हार मानून हाताने थाप द्यावी लागते. गळफास आवळण्याची ही विद्या आपल्याकडे परदेशातून आली, असे शिकणाऱ्यांना वाटते आणि ते बऱ्याच अंशी खरेही आहे. परंतु मान काखेत धरून माणसाला जमिनीवर आणण्याची कला या मातीला नवी नाही. तिच्या जोरावर एका मराठी मल्लाने १९५२ साली स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून दिले. खाशाबा दादासाहेब जाधव हे त्यांचे नाव, आणि ढाक हा त्यांचा हुकमी डाव.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यात, कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर या खेड्यात झाला. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. पाच मुलांतले हे शेंडेफळ वयाच्या पाचव्या वर्षीच आखाड्यात उतरले. कृष्णा-कोयनेच्या त्या परिसरात गावोगावी तालीम होती, जत्रेला कुस्त्यांचे मैदान भरत होते आणि नारळ-रेवडीच्या कुस्तीपासून शेवटच्या मोठ्या जोडीपर्यंत पोरे टक लावून बसत होती. खाशाबांचे शालेय शिक्षण कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात झाले. बाबूराव बलवडे आणि बेलापुरी गुरुजी यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. त्याच काळात बेचाळीसचे आंदोलन पेटले. सातारा जिल्हा तर प्रतिसरकारचा. भूमिगतांना आसरा देणे, त्यांचे निरोप पोहोचवणे यांत खाशाबांनीही वाटा उचलला. पुढे ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात गेले.

कोल्हापूर म्हणजे त्या काळी कुस्तीची राजधानी. शाहू महाराजांनी उभारलेले खासबाग मैदान, पेठांपेठांतून घुमणाऱ्या तालमी, वस्तादांचा दरारा. अशा नगरीत भारी वजनाच्या मल्लांचे कौतुक अधिक होणार हे उघडच होते. खाशाबा अंगाने लहान, चणीने बुटके. उद्या हा पोरगा हिंदकेसरी होईल, असे त्यांच्याकडे पाहून कुणाला वाटले नसते. पण लहान चणीच्या मल्लाला ज्या गोष्टी लागतात, म्हणजे चपळाई, डावांचे वैविध्य आणि दमसास, त्या तिन्ही त्यांच्यापाशी होत्या.

ढाक या डावाचे मर्म लहान चणीच्या मल्लाला लवकर उमगते. प्रतिस्पर्ध्याची मान काखेत दाबायची, दुसऱ्या हाताने त्याचा दंड आपल्याकडे ओढून धरायचा, गर्रकन वळून आपली कंबर त्याच्या पोटाखाली घालायची आणि पुढे झुकत त्याला कमरेवरून पाठीवर टाकायचे. समोरच्याचे वजन जेवढे पुढे येईल, तेवढी ढाक सोपी होते. म्हणून नुसती ताकद इथे कामाची नाही. तो रेटायला येतो तो क्षण ओळखता आला पाहिजे. तालमीत हा डाव एका दिवसात शिकवला जात नाही. आधी मान धरण्याचा सराव, मग वळण्याचा, मग कंबर किती खाली न्यायची याचा. वस्ताद हौद्याच्या काठावर उभा असतो आणि पोराची कंबर चार बोटे वर राहिली तरी त्याच्या ते लक्षात येते. हजारदा चुकल्यावर एकदा तो साधतो. शिवाय ढाक हा धोक्याचा डाव आहे. वळताना जरा उशीर झाला किंवा पकड सैल पडली, तर आपली पाठ समोरच्याच्या ताब्यात जाते. कुस्तीत त्याचा अर्थ गुण जाणे किंवा चीत होणे. जिउ-जित्सूत त्याच चुकीचा अर्थ पाठीमागून गळ्यात पडलेला फास असा होतो. मान धरायला जाणाऱ्यानेच मान गमवायची, हे दोन्हीकडे सारखेच आहे.

भारतीय कुस्तीने गळा आवळणे हे विजयाचे साधन कधी मानले नाही. तिचा निकाल पाठीवर ठरतो. मान धरायची ती समोरच्याचे डोके फिरवण्यासाठी, कारण डोके जिकडे जाते तिकडे शरीर जाते. फ्रीस्टाइल कुस्तीचे नियमही याच अंगाने जातात. नुसत्या मानेला विळखा घालणे तिथे निषिद्ध आहे. मानेबरोबर प्रतिस्पर्ध्याचा एक हातही पकडीत असावा लागतो. हात आत असला की गळ्यावरचा दाब कमी होतो आणि पकड फेकण्यापुरती उरते. ढाक या नियमात नेमकी बसते, कारण तिच्यात दंड ओढलेलाच असतो. खाशाबांच्या पुढील यशात या साध्या योगायोगाचा वाटा थोडा नाही. मातीतले अनेक नामी डाव गादीवर गेल्यावर निकामी ठरतात. ढाक ठरली नाही.

गादीशी त्यांची खरी ओळख झाली ती १९४८ साली, लंडन ऑलिंपिकच्या निमित्ताने. खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. तोवर खाशाबांचे सारे शिक्षण लाल मातीत झालेले. तेल, ताक, हळद घालून कमावलेली ती मऊ माती पाय धरून ठेवते, पडणाऱ्याला सांभाळते आणि घामाने निसटणारी पकड मूठभर माती लावून पुन्हा घट्ट करू देते. गादीवर यातले काहीच नाही. पाय वेगाने सरकतो, वळण झटकन होते आणि फेक हुकली तर सावरायला सवड मिळत नाही. मातीत प्रतिस्पर्ध्याची लांग धरता येते. फ्रीस्टाइलमध्ये पोशाखाला हात लावणे हाच गुन्हा. मातीत चितपट झाल्याखेरीज निकाल नाही आणि मोठी जोड अर्धा-अर्धा तास झुंजत राहते; गादीवर घड्याळ चालते, पंच नोंदी करतात आणि कुणी चीत झाले नाही तर त्यांच्या मतावर हार-जीत ठरते. कोल्हापुरात पोसलेल्या मल्लाला हे सगळे परके होते.

लंडनच्या स्पर्धेसाठी त्यांना अमेरिकेचे रीस गार्डनर हे प्रशिक्षक लाभले. हाताशी वेळ थोडा होता. एवढ्या अवधीत नवी कुस्ती शिकवणे शक्य नव्हते. आहे ती कुस्ती नव्या जमिनीवर उभी करणे एवढेच शक्य होते. मातीत रोवून उभा राहणारा पाय हलका कसा ठेवायचा, पट काढायला खाली झेपावणाऱ्याला कसे रोखायचे, खाली गेल्यावर खांदे गादीला टेकू न देता कसे फिरायचे, असे धडे एरवी वर्षानुवर्षे गिरवावे लागतात. खाशाबांनी ते किती झपाट्याने आत्मसात केले याची साक्ष निकालच देतो. ५२ किलोंच्या फ्लायवेट गटात त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिसला पहिल्या काही मिनिटांतच हरवले, अमेरिकेच्या बिली जर्निगनवरही मात केली आणि इराणच्या मन्सूर रईसीपुढे हार पत्करली. क्रमांक सहावा आला. गादीशी नवी ओळख असलेल्या मल्लासाठी हे यश होते. मायदेशी मात्र सहाव्या क्रमांकाची वार्ता कुणाच्या लेखी वार्ताच नव्हती.

पुढची चार वर्षे खाशाबांनी स्वतःला गादीसाठी घडवण्यात घालवली. वजनगट बदलून ते ५७ किलोंच्या बँटमवेटमध्ये आले. या काळात त्यांच्यामागे कोणती संस्था नव्हती, कोणता परदेशी प्रशिक्षक नव्हता. १९४९ मध्ये कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि पैलवानांचा पिढीजात राजाश्रयही आटला. हेलसिंकीच्या संघात निवड होण्यासाठीसुद्धा त्यांना झगडावे लागले. राष्ट्रीय स्पर्धेत गुणांच्या बाबतीत आपल्यावर अन्याय झाल्याची त्यांची तक्रार होती. ती त्यांनी पतियाळाच्या महाराजांपर्यंत नेली, पुन्हा कुस्ती लावून घेतली आणि ती जिंकून संघातली जागा मिळवली.

जागा मिळाली तरी तिकिटाचे पैसे नव्हते. सरकारदरबारी खेटे घालून पदरात पडलेली मदत अपुरी ठरली. गोळेश्वर आणि कऱ्हाड परिसरातल्या लोकांनी आपापल्या परीने वर्गणी दिली. उरलेला मोठा भार उचलला तो राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी. त्यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. एका विद्यार्थ्याच्या डावावर शिक्षकाने घर लावावे, अशी उदाहरणे आपल्या क्रीडा-इतिहासात विरळाच. खर्डेकरांचे नाव खाशाबांच्या नावाबरोबर जितके घेतले जायला हवे तितके घेतले जात नाही.

हेलसिंकीत कोल्हापूरचेच केशव माणगावे त्यांच्याबरोबर होते. खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवत आगेकूच केली. त्या वेळी दोषगुणांची पद्धत होती. चीत करून जिंकणाऱ्याला दोष नाही, गुणांवर जिंकणाऱ्याला थोडा, हरणाऱ्याला अधिक. ठरलेली मर्यादा गाठली की मल्ल बाद. त्यामुळे नुसते जिंकणे पुरेसे नव्हते, शक्य तिथे चीत करणे हिताचे होते. पाठीवर टाकणारी ढाक इथेही धावून येण्याजोगी होती.

मग गाठ पडली जपानच्या शोहाची इशी यांच्याशी. ही कुस्ती भारतात केवळ खाशाबांच्या पराभवाची म्हणून सांगितली जाते. तिच्यात त्याहून बरेच काही आहे. इशी हे मूळचे ज्युदोचे खेळाडू. तेही १९२६ सालीच जन्मलेले. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी ताब्याच्या काळात जपानी शाळांतून ज्युदोवर बंदी आली आणि तिथले कित्येक तरुण कुस्तीकडे वळले. इशी त्यांतलेच. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये सुरू केलेल्या ज्युदोत फेकींबरोबर सांधे मुरगळण्याचे आणि गळा आवळण्याचे पेचही शिकवले जातात. त्यांतले बरेच पेच अंगरख्याच्या गळपट्टीला धरून आवळायचे असतात. ज्युदोचीच एक शाखा मित्सुयो माएदा यांच्याबरोबर १९१४ मध्ये ब्राझीलमध्ये गेली, ग्रेसी कुटुंबाने ती वाढवली आणि तिचे ब्राझिलियन जिउ-जित्सू झाले. उपनगरांतल्या गाद्यांवर आज घोटला जातो तो गळफास त्याच वाटेने आलेला आहे.

म्हणजे हेलसिंकीच्या गादीवर समोरासमोर उभे होते ते दोन परंपरांचे दोन वारस, आणि दोघांनाही आपल्या विद्येतला मोठा भाग बाहेर ठेवून यावे लागले होते. इशींच्या हातून अंगरखा सुटला होता आणि त्याबरोबर गळा आवळण्याचे सारे पेचही. खाशाबांच्या हातून लांग सुटली होती आणि पायाखालून माती. उरलेल्यात मात्र विलक्षण साम्य होते. खाशाबांच्या ढाकेला ज्युदोत सख्खी बहीण आहे. मानेभोवती हात घालून कमरेवरून टाकण्याच्या त्या फेकीला तिथे कोशी-गुरुमा म्हणतात. जर्मन किंवा कॅनेडियन मल्लाला जी चाल अनोळखी वाटावी, ती ज्युदोत वाढलेल्या माणसाला पुरती परिचित असणार. मान गेली तर पुढे काय होते आणि वळणाऱ्याची पाठ कधी उघडी पडते, हे दोन्ही त्याला ठाऊक असणार. कुस्ती पंधरा मिनिटांहून अधिक काळ रंगली. अखेरीस खाशाबा अवघ्या एका गुणाने हरले. इशी पुढे सुवर्णपदकाचे मानकरी ठरले. युद्धोत्तर जपानचे ऑलिंपिकमधले ते पहिले सुवर्ण.

या दमवणाऱ्या लढतीनंतर जे घडले ते अधिक बोचणारे आहे. खाशाबांना लगेच सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेयोव्हशी लढण्यास बोलावण्यात आले. दोन कुस्त्यांमध्ये निदान अर्ध्या तासाची विश्रांती द्यावी, असा नियम होता. तो पंचांपुढे मांडायला भारताचा एकही पदाधिकारी तिथे हजर नव्हता. खाशाबा दमल्या अंगाने उतरले आणि हरले. मामेदबेयोव्हला रौप्य मिळाले, खाशाबांना कांस्य. त्या अर्ध्या तासाने पदकाचा रंग बदललाच असता, असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. सोव्हिएत मल्ल काही कच्चा नव्हता. पण मल्लाने चार वर्षे झिजून जे कमावले, ते राखण्यासाठी लागणारा एक माणूस देशाला तिथे उभा करता आला नाही, हे मात्र नाकारता येत नाही.

तारीख होती २३ जुलै १९५२. दुसऱ्याच दिवशी भारतीय हॉकी संघाने अंतिम सामन्यात नेदरलँड्सला ६-१ असे हरवून सुवर्णपदक पटकावले आणि देशाचे सारे लक्ष तिकडे वळले. यापूर्वी १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये नॉर्मन प्रिचर्ड यांनी धावण्याच्या शर्यतींत दोन रौप्यपदके मिळवली होती, पण तो ब्रिटिश अमदानीचा काळ. स्वतंत्र देशासाठी एकट्याच्या बळावर पदक आणणारे खाशाबा पहिलेच. दिल्ली-मुंबईला याची जाणीव बेताचीच झाली. कऱ्हाडला मात्र ती पुरेपूर होती. स्टेशनापासून गोळेश्वरपर्यंत १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली आणि एरवी पाव तासात संपणाऱ्या त्या वाटेला सात तास लागले.

सत्काराचे हार सुकण्याआधीच खाशाबांनी एक काम हाती घेतले. त्यांनी कुस्त्यांचे मैदान भरवले, स्वतः त्यात उतरले आणि मिळालेल्या पैशांतून खर्डेकरांचे गहाण पडलेले घर सोडवले. पदकविजेत्याने परतल्यावर कर्ज फेडण्यासाठी पुन्हा मातीत उतरावे, यात त्या काळच्या कुणाला फारसे वावगे वाटले नाही. खुद्द खाशाबांनाही वाटले नसावे. ज्या मातीने शिकवले तिनेच देणेही चुकते केले.

१९५५ मध्ये ते मुंबई पोलिसांत उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले. पोलिसांच्या अंतर्गत स्पर्धा त्यांनी जिंकल्या, जवानांना कुस्तीचे धडे दिले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकची तयारी चालू असतानाच गुडघ्याला गंभीर दुखापत झाली आणि गादीवरची कारकीर्द तिथेच थांबली. ढाक मारताना सारा भार ज्या गुडघ्यांवर येतो, त्यांतलाच एक निकामी झाला. त्यानंतरची वर्षे गणवेशात गेली. सुमारे सत्तावीस वर्षांच्या सेवेनंतर ते सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. इतक्या वर्षांत त्यांच्या वाट्याला बढत्या उशिराने आल्या आणि निवृत्तिवेतनासाठी तर झगडावे लागले. क्रीडा संघटनांना त्यांची आठवण क्वचितच झाली. देशाला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून देणारा एकमेव माणूस मुंबईत नोकरी करतो आहे आणि त्याच्याकडून नव्या मल्लांनी गादीवरची कुस्ती शिकून घ्यावी, असे कुणाला सुचू नये, हे खरोखर अनाकलनीय आहे. मातीतला डाव गादीवर कसा न्यायचा हे स्वतःच्या अंगाने शोधलेला माणूस हाताशी होता. त्याच्यापाशी जे होते ते कोणत्याही पुस्तकात मिळणारे नव्हते.

१९८२ च्या दिल्ली आशियाई क्रीडा स्पर्धेतल्या मशाल दौडीत त्यांचा सहभाग होता. जिवंतपणी मिळालेला त्यातल्या त्यात मोठा राष्ट्रीय मान म्हणजे हाच. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ते अपघातात त्यांचे निधन झाले, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी. घर अडचणीत होते. पत्नीला मदतीसाठी दारोदार फिरावे लागले. शिवछत्रपती पुरस्कार त्यांना १९९० च्या दशकात मरणोत्तर जाहीर झाला, तर अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर सोळा-सतरा वर्षांनी. पद्म पुरस्कार हयातीत कधीच मिळाला नाही.

१९९६ मध्ये अटलांटा येथे लिअँडर पेसने टेनिसमध्ये कांस्य जिंकले, तेव्हा याआधीचे वैयक्तिक पदक कुणाचे, हा प्रश्न वर्तमानपत्रांना पडला आणि खाशाबांचे नाव चव्वेचाळीस वर्षांनी पुन्हा छापून आले. कुस्तीतले पुढचे पदक त्यानंतर बारा वर्षांनी, २००८ मध्ये बीजिंगला सुशील कुमारच्या रूपाने आले. २०१० च्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धेसाठी दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडा संकुलात कुस्तीचे सभागृह बांधले गेले, त्याला खाशाबांचे नाव देण्यात आले. आणि २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस राज्य क्रीडा दिन म्हणून पाळण्याचे ठरवले.